आडनाव नसलेला बॉडीगार्ड

तो पिक्चर आमच्या स्टाफरूममध्ये पाण्याच्या बाटलीला टेकवलेल्या मोबाईलवर पाहिला गेला. मधल्या सुट्टीत वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून, आठवडाभर. मूळ कुठल्या देशातला होता कोण जाणे, पण माणसं हिंदीत बोलत होती आणि ओठ दुसरंच काही बोलत होते. एका गडगंज माणसाची मुलगी, तिला मारायला टपलेले लोक आणि तिच्या राखणीला ठेवलेला बॉडीगार्ड. नोकरीची पहिली अट अशी, की मुलीच्या प्रेमात पडायचं नाही. पुढं काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

मी जिंतूरच्या या शाळेत गणित शिकवते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर मराठीच्या मॅडम बसायच्या. अकरा वर्षं आम्ही एकमेकींच्या डब्यातलं लोणचं खाल्लं. त्यांची एकुलती एक मुलगी पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्या घरी गणिताला यायची. ती पुढं लॅब टेक्निशियन झाली आणि परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात लागली.

पिक्चर संपला तसं प्रत्येकाला मत फुटलं. खेळाचे सर म्हणाले, पिस्तूल धरायची पद्धत चुकली, बाकी झकास. इतिहासाचे सर म्हणाले, पोरगी निर्लज्ज आहे. रोज सगळ्यांत पुढची खुर्ची त्यांनीच धरलेली असायची. विज्ञानाच्या नव्या मॅडम म्हणाल्या, असा मागं उभा राहणारा माणूस पाहिजे. त्यांचे मिस्टर त्यांना फाटकाशी उतरवून गाडी वळवायचे ते मागं न बघताच निघून जायचे.

सगळ्यांत कडाडून मत मराठीच्या मॅडमचं. शेवटी बॉडीगार्डला गोळी लागते आणि मुलगी बापाला सांगते की मी ह्याच्याबरोबरच जाणार, तिथं त्या डोळ्याला पदर लावून रडल्या. संध्याकाळी त्यांनी बायकांच्या ग्रुपवर लांबलचक परीक्षण टाकलं. प्रेमाला पद कळत नाही, पैसा कळत नाही, बापाच्या अहंकारापुढं दोन जीव कसे होरपळतात, वगैरे. शुद्धलेखन एकदम चोख. खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात माझाही एक होता, हे कबूल केलं पाहिजे. शेजारी बसणाऱ्या बाईला अंगठा न देण्याइतकी हिंमत माझ्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तोंडी मत विचारलं.

"या माणसाला आडनाव नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"दोन तास पिक्चर चालला. कुणी त्याला पूर्ण नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही, पाहुणे कोण ते विचारलं नाही. आपल्याकडं साधी खोली भाड्यानं घ्यायची तर पहिला प्रश्न आडनावाचा."

"तुमी बी ना मॅडम, खामखा कशातबी गणित घालता," त्या म्हणाल्या. "पिक्चर काळजानं बघायचा असतो."

सगळे हसले. मीही हसले आणि तासाला गेले.

यानंतर दोन-अडीच महिन्यांनी त्या सलग तीन दिवस शाळेत आल्या नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी माझ्या घरी आल्या. चप्पल काढतानाच त्यांचा हात भिंतीवर होता. मी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच धरून ठेवलं.

"पोरीनं नाव काढलंय एकाचं," त्या म्हणाल्या.

"कोण आहे?"

"गार्ड हाय ओ. दवाखान्याच्या गेटवरचा. शिट्टी वाजवून गाड्या लावायला सांगतो तो."

मग त्यांनी आवाज खाली आणला. घरात आम्ही दोघीच होतो, तरी खाली आणला.

"आन् तुमच्यातला हाय."

अकरा वर्षांत हा शब्द आमच्यात पहिल्यांदा आला. तुमच्यातला. माझ्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला. आम्ही शिकलो, नोकरीला लागलो, स्टाफरूममध्ये खुर्ची मिळाली, लोणचंही मिळालं. आणि त्या दुपारी कळलं की लोणच्याच्या पलीकडं एक रेघ होती. ती मला दिसत नव्हती, त्यांना रोज दिसत होती.

"मुलगी कुठं आहे?" मी विचारलं.

"ह्यांनी फोन काढून घेतला तिचा. तीन दिवस घरातच होती. आज ड्युटीला सोडली. नौकरी सुटली तर उद्या स्थळं बी येणार न्हाईत चांगली."

म्हणजे मुलीला कोंडायचं, पण बाजारातला भाव पडू द्यायचा नाही. हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "चहा ठेवते."

त्यांचं काम वेगळंच होतं. मुलाची आई पालमला राहते, तिला जाऊन मी समजावून सांगावं, मुलाला आवरा म्हणावं. "तुमचं ऐकतील त्या," त्या म्हणाल्या. "आमचं कोणी गेलं तर भांडण व्हईल. ह्यांचे भाऊ लय तापट हायेत." शेवटचं वाक्य त्यांनी खिडकीकडं बघत उच्चारलं. ती विनवणी होती की धमकी, हे त्यांनाही नीट माहीत नसावं.

मी नाही म्हणायला हवं होतं. रविवारी सकाळी मी एसटीत बसले.

परभणीला गाडी बदलून, गंगाखेडवरून पालमला पोचेपर्यंत बारा वाजले. वाटेत मी चार-पाच वाक्यं जुळवली होती. सगळी सभ्य होती आणि सगळी लाज आणणारी होती.

मुलाची आई अंगणवाडीत मदतनीस होती. त्याआधी नवऱ्याबरोबर कितीतरी वर्षं ऊसतोडीला गेलेली. नवरा गेल्यावर कारखान्याची वाट सोडली आणि गावात राहून दोन लेकरं शिकवली. उंच, वाळकी बाई. दारात मी जयभीम म्हटलं तशी ती पदर सावरत बाहेर आली आणि मला आत खाटेवर बसवलं. मी कोण, कुठून आले, ते सांगितलं. मग वाक्यं काढली. मुलीकडचे लोक मोठे आहेत, काही बरंवाईट व्हायला नको, मुलाला समजवा.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"हे तुमी सांगायलाव, का त्यांनी सांगायला लावलं?"

"त्यांनी."

"मग त्यांनाच यू द्या की, ताई. तुमी कशाला येवढं ऊन खाल्लं?"

ती उठली आणि चुलीकडं जाऊन भाकरी थापायला लागली. मी नको म्हणाले, तिनं ते ऐकल्यासारखं दाखवलं नाही. थापता थापताच बोलत होती.

"मला बी हे नको हाय. पेपरात काय काय येतं ते मी बी वाचते. रोज सांजच्याला त्याचा फोन येईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. पण पोरगं चोरी करायलंय का? त्याला काय म्हणून आवरू?"

जेवताना तिनं आपण होऊन तो पिक्चर काढला. तोच. सुट्टीला आलेल्या मुलानं तिला मोबाईलवर दाखवला होता.

"लय खोटा हाय," ती म्हणाली. "त्या बॉडीगार्डाला आई हाय का? सांगा बरं. आई न्हाई, भाऊ न्हाई, भाऊबंद न्हाई. म्हणून जमलं त्याला सगळं. आन् गोळी लागून बी पळायलाय. माझ्या पोराचा निस्ता दात पडला तर आठ दिवस पेज पीत व्हता."

दाताची गोष्ट मला तिथंच कळली. दवाखान्यात एक पेशंट दगावला आणि नातेवाईक चवताळून आत घुसले. डॉक्टर मागच्या दारानं निघून गेले. रक्ताचा रिपोर्ट उशिरा आला म्हणून कुणीतरी ओरडलं आणि सगळा जमाव लॅबच्या दाराशी आला. आत ही मुलगी एकटी. हा दारात दोन्ही हात चौकटीला लावून उभा राहिला. त्यानं कुणाला मारलं नाही, कारण मारलं तर नोकरी जाते. पोलीस येईपर्यंत नुसता मार खाल्ला. पुढचा एक दात पडला. दुसऱ्या दिवशी मुलगी त्याला दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. प्रेमकथा म्हणाल तर एवढीच.

निघताना तिनं विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"हट्टी आहे," मी म्हणाले. "गणितात हुशार."

"हिशेबाला पक्की म्हणजे," ती म्हणाली आणि पहिल्यांदा जरा हसली. "बरं हाय. आमच्याकडं कोणाचंच गणित धड न्हाई."

परतताना परभणीत मी दवाखान्याच्या गेटवर गेले. निळा शर्ट, ढगळ पँट, टोपी हातात. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. ओळख सांगितली तसा तो अवघडला. एका रिक्षावाल्याला पुढं घ्यायला लावून परत आला.

"आईकडं गेला व्हता का?"

"हो."

"जेवलाव का तिथं?"

"जेवले. तुम्हाला भीती वाटत नाही का?"

"वाटते की," तो म्हणाला. "मी तिला म्हणालो व्हतो, राहू दे, तुझ्या घरचे न्हाई ऐकायचे. ती म्हणाली, तू गेट सांभाळ, बाकीचं मी बघते."

मीच मग त्याला पिक्चरचं विचारलं. का विचारलं कोण जाणे. त्यानं थोडा विचार केला.

"तो बॉडीगार्ड कुठंच बसत न्हाई, तेवढं खरं हाय मॅडम," तो म्हणाला. "आमाला बी खुर्ची न्हाई."

सोमवारी मधल्या सुट्टीत मराठीच्या मॅडमना मी व्हरांड्यात नेलं आणि निरोप दिला. मुलाच्या आई म्हणाल्या, तुम्हीच या. मॅडमचा चेहरा आक्रसला.

"आमी जावं? पालमला? त्यांच्या दारात?"

"मी त्यांच्या दारात जेवून आले. मुलगा चांगला आहे. तुमच्या मुलीसाठी त्यानं मार खाल्लाय. तुम्ही ग्रुपवर लिहिलं होतं ना, बापाचा अहंकार आणि दोन जीव."

त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तो पिक्चर हाय. आपल्याला गावात राहायचंय."

त्या पिक्चरवर मी ऐकलेलं हे सगळ्यांत प्रामाणिक मत. पण ते ग्रुपवर टाकायची त्यांची तयारी नव्हती.

मुलगी दसऱ्यानंतर माझ्याकडं आली, एकटी. लहानपणी वही घेऊन बसायची त्याच जागी बसली. नोंदणी कार्यालयात लग्नाची नोटीस दिली होती. महिनाभर ती फळ्यावर लागते, दोघांच्या नावा-आडनावांसकट, कुणीही यावं आणि वाचावं. तो महिना दोघंही वेगवेगळ्या गावी मैत्रिणी-मित्रांकडं राहणार होते.

"मावशी, तीन साक्षीदार लागतात. दोघं मिळाले," ती म्हणाली. "तुमी नको म्हणालाव तरी मला राग न्हाई येणार."

मला पालमची ती चार-पाच सभ्य वाक्यं आठवली आणि स्वतःचाच संताप आला. मी हो म्हणाले. त्या महिन्यात तिच्या काकांपैकी दोघं एकदा माझ्या दारात येऊन गेले. आत आले नाहीत. मोठे काका एवढंच म्हणाले, "तुमी शिकल्या-सवरल्या बाई, तुमाला हे शोभत न्हाई." मी म्हटलं, "बसा, चहा घ्या." चहा मात्र त्यांनी घेतला नाही. दार लावून मी दोन्ही कड्या घातल्या.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात साहेब सोडून सहा माणसं होती. पालमची बाई इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून आली होती आणि सतत दाराकडं बघत होती. दारातून कुणी आलं नाही. साहेबांनी नावं वाचली, मी सही केली, वीस मिनिटांत सगळं उरकलं. मुलगी रडली नाही. तिनं सह्यांखालच्या तारखा नीट आहेत का ते तेवढं तपासलं.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, सही करायच्या आधी जरा विचार करायचा." मी केला होता, असं सांगितलं. मराठीच्या मॅडमनी खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली. खेळाचे सर आणि इतिहासाचे सर, ज्यांना पिस्तुलापासून पदरापर्यंत सगळ्यावर मतं होती, त्यांना या लग्नावर मात्र कसलंच मत नव्हतं. विज्ञानाच्या नव्या मॅडम एकदा नळापाशी हळूच म्हणाल्या, "बरं केलंत." इकडं-तिकडं बघून म्हणाल्या.

आता दीड वर्ष झालं. दोघं परभणीत दोन खोल्यांत राहतात. त्यानं दवाखाना सोडला आणि एका गोदामावर सुपरवायझर झाला. ती तिथंच आहे. सासू महिन्यातून एकदा पालमहून येते, दोन दिवस राहते आणि सुनेच्या हातच्या भाकरीला नावं ठेवून जाते. काकांची गाडी एकदा गल्लीतून हळू गेली, असं मुलगी म्हणाली. त्यापलीकडं काही झालं नाही. होणारच नाही असं मात्र आमच्यापैकी कुणी म्हणत नाही.

मी परभणीला गेले की त्यांच्याकडं चक्कर टाकते. सोमवारी स्टाफरूममध्ये टेबलाच्या पलीकडून कधीतरी प्रश्न येतो. वह्या तपासता तपासता, मान वर न करता.

"काल परभणीला गेला व्हता म्हणे."

"गेले होते."

"गर्दी आसंल गाडीला."

"होती."

एवढंच. त्या थांबून राहतात, पेन वहीवर तसंच टेकलेलं असतं. मुलगी कशी आहे, हे तीन शब्द आहेत, आणि मराठी त्यांचा विषय आहे. विचारलं तर मी सगळं सांगेन. न विचारता सांगायचं नाही, असं मी ठरवलंय. मग घंटा होते आणि आम्ही दोघी आपापल्या वर्गात जातो.