रुमालाखालचं भाडं

कपाटातून आबांचा पांढरा रुमाल काढला, की त्याच्या उन्हाच्या वासाबरोबर मला पुण्यातला तो रिकामा फ्लॅट आठवतो. मला नोकरी लागली होती आणि घर बघायला आबा, माझे वडील, धुळ्याहून आले होते. त्या एका फ्लॅटसाठी आम्हाला धरून चार कुटुंबं मालकांसमोर उभी होती. एजंट भाडं पुकारायचा, कुणीतरी हजार वाढवायचं. आबा माझ्या कानात अहिराणीत म्हणाले, "हाऊ ते बैलबाजार शे!" आणि सरळ मालकांकडे गेले. त्यांचा हात हातात घेऊन त्यावर खांद्यावरचा रुमाल टाकला. "भाऊ, आमच्याकडे बैलबाजारात भाव मोठ्यानं बोलत नाहीत, बोटं दाबून सांगतात." मालक चकित झाले, पण त्यांनी हात काढला नाही. बाकीच्यांची बोली थांबली. आकडाच कळेना, तर वर चढणार कोण? रुमाल दोनदा हलला, मालक खळखळून हसले आणि किल्ली माझ्या हातात आली. कितीत ठरलं, ते आबांनी मला जिना उतरल्यावर सांगितलं. आज माझाच फ्लॅट भाड्यानं द्यायचाय, हॉलमध्ये माणसं जमलीत, एजंट आकडे पुकारतोय. मी रुमाल खांद्यावर टाकून खोलीतून त्यांच्याकडे निघालेय.