काकवीची बाटली

माझं शुद्धलेखन आणि अक्षर, दोन्हींची मला लाज वाटते. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर सांभाळून घ्यावं.

राधानगरीला धरणाचं काम चाललं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. आमचे हे गुळाच्या पेठेत दलाल. मुतखड्याची कळ आली की भिंत धरून उभे राहायचे. सासूबाईंनी तीन महिने कुळथाचं पाणी पाजलं, काही फरक नाही. डॉक्टर म्हणाले, खडा कापून काढू, पण आधी लघवी तपासू. तपासणीचा एक रुपया आगाऊ घेतला.

बायकोनं असलं काही बघू नये म्हणून यांनी पेठेतून बाटली आणून स्वतःच भरली. आणि एवढा संकोच करून दवाखान्यात पाठवलं कुणाला, तर मला. मला परक्यापुढे तोंड उघडवत नाही. पदराखाली बाटली धरून निघाले, तोच शेजारच्या, बांगड्या भरणाऱ्या मणेरणीनं हटकलं, "वैनी, तूप व्हय?" मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, लघवीत भरपूर साखर आहे. अशा माणसाची जखम भरत नाही, कापता येणार नाही. झालं. यांनी गूळ सोडला. न चाखता दलाली कशी करणार? पंधरा दिवस घरात बसून कण्हत राहिले.

डॉक्टरांनी परत दिलेली बाटली मी घासायला घेतली, तर बुचाखाली काकवी वाळून बसलेली. विचारलं तर म्हणतात, "काकवीचीच हुती की. इसळली हुती."

"कशानं?"

"घाईत हुतो."

म्हणजे तपासणी पुन्हा करायची.

पुन्हा रुपया हवा. घरात दमडी नव्हती. मणेरणीकडेच मागावा लागला आणि खरं सांगावं लागलं. ती पोट धरून हसली, मग रुपया काढून दिला. या वेळी बाटली मी स्वतः उकळली. साखर नव्हतीच. भिंगाच्या यंत्राखाली दिसले ते ऑक्झलेट नावाच्या क्षाराचे कण. डॉक्टरांनी अळू, चुका आणि चहा बंद केला आणि खडा काढला. बोराच्या बीएवढा, काटेरी. जखमही नीट भरली.

हे मात्र गावभर सांगत फिरले, वाडीच्या दत्तानं तारलं.

मी गोधड्या शिवून मणेरणीचा रुपया आणा-आणा करत फेडला. शेवटची दोन आण्यांची चवली यांनाच द्यायला पाठवलं. दारातून मला ऐकू आलं, मणेरीण विचारत होती, "पावणं, तूप कसं हाय आता?" हे चवली ठेवून, खाली मान घालून परत आले. रुपया फिटला.