मागच्या सीटवर एकदा तरी बसून बघा

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, आक्का, चकलांब्याहून बीडला जीपच्या मागच्या बाकावर बसून आलो होतो. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी, पाय जुळवून ताठ बसलेली... आक्कांनी मात्र चपला काढल्या, बाकावर मस्त मांडी घातली आणि माझं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं. गेवराई कधी गेलं, मला कळलंसुद्धा नाही.

आक्का आजही गाडीत तशाच बसतात. म्हणजे बसायच्या... यंदा त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, सांधा बदलला. डॉक्टरांनी बजावलंय, काही महिने मांडी घालायची नाही आणि बसल्यावर गुडघा कमरेच्या वर येता कामा नये. नाहीतर नवा सांधा निखळायचा.

पुढच्या महिन्यात त्यांच्या लेकीची, सुनीताची, परळीला वास्तुशांत आहे. ऑपरेशननंतर आक्का कुठेच गेलेल्या नाहीत आणि या एका दिवसासाठी त्यांचा जीव अडकलाय. आमची जुनी गाडी इतकी खाली आहे की त्यांना तिच्यात बसताच येत नाही. म्हणून इलेक्ट्रिक गाडी बघायला परवा आम्ही बीडमध्ये शोरूमला गेलो... मी, आमचे हे, मुलगा रोहन आणि आक्का.

रोहनने महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ बघून तीन गाड्या निवडून काढल्या होत्या. ते व्हिडिओ मीही बघितले. प्रत्येकात एक धडधाकट तरुण दोन सेकंद मागे बसतो आणि "भरपूर जागा आहे" म्हणून उतरतो. डिकी किती मोठी, तर म्हणे इतके लीटर. अहो, सामान ठेवायचंय, ओतायचं नाहीये!

पहिली गाडी रोहनची लाडकी. मागे उतरतं छत, वर काच, पुढे टीव्हीएवढा स्क्रीन. बापलेक पुढच्या दारांतून वाकून तो स्क्रीन चालू-बंद करत बसले... आक्का बाहेर वॉकर धरून उभ्या.

शेवटी सेल्समनने मागचं दार उघडलं. छताला अंबाडा घासत आक्का कशाबशा आत गेल्या. "बरं हाय की," म्हणाल्या. त्या नेहमी असंच म्हणतात.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. त्यांच्या पुढची, ड्रायव्हरची सीट पार पुढे सरकवून ठेवली होती, म्हणून मागे अंगण वाटत होतं. मी रोहनला म्हटलं, "तू गाडी चालवताना बसतोस तसा बस बघू तिथे."

रोहन बसला आणि त्याने सीट मागे घेतली. या गाड्यांची बॅटरी पायाखाली असते ना, त्यामुळे तळ उंच. पाय खाली सोडायला जागा नाही, पुढे पसरायलाही नाही. आक्कांचे गुडघे वर यायला लागले... आणि पुढचे दोघं अजून गाण्याचा आवाज तपासतायत.

"वहिनी, जमतंय ना?" यांनी मागे न बघताच विचारलं.

"जमतंय भाऊजी. मी आपली मांडी घालते," आक्का म्हणाल्या आणि ऑपरेशनचा पाय हाताने वर ओढायला लागल्या.

"आक्का, नको!" मी इतक्या जोरात ओरडले की अख्खं शोरूम वळून बघायला लागलं. त्यांचा पाय मी दोन्ही हातांनी धरला.

सेल्समन म्हणाला, "मॅडम, सवय होते हळूहळू." आणि आमचे हे? "अगं, त्या कधीतरीच बसणार. रोज चालवायची रोहनलाच आहे."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "गाडी कुणासाठी घेतोय आपण? त्यांचा सांधा निखळला तर त्या स्क्रीनवर बोट फिरवून बसवणार आहात?" बिचाऱ्या आक्काच मला समजावतात, "शैले, माझ्यापायी कावून भांडती? लोकं बघायलेत."

बघू देत.

दुसऱ्या गाडीत जागा होती, पण सीट एवढी आखूड की मांड्या निम्म्या अधांतरी. परळीपर्यंत तशी मी बसणार नाही, आक्का तर लांबच. तिसरी अगदी चौकोनी, स्क्रीन लहान, दार मात्र छान रुंद उघडणारं. पुढची सीट उंच करता येते आणि पायाखाली चांगली खोली.

आक्कांना म्हटलं, इथे पुढेच बसा, तर त्या तयारच नाहीत. "पुढं पुरुष माणूस बसतंय. आमी मागंच बऱ्या." मी म्हटलं, "आज पुरुष माणसाचे पाय धडधाकट आहेत." मग त्या सीटकडे पाठ करून हळूच टेकल्या, दोन्ही पाय एकदम आत घेतले. पावलं खाली टेकली, गुडघे कमरेच्या खाली राहिले.

जरा वेळ काचेतून समोर बघत राहिल्या. "अगं बया... हितून रस्ता लई मोठा दिसतंय." इतक्या वर्षांत त्या गाडीत पुढे कधी बसल्याच नव्हत्या.

"आई, डबा दिसतो गं हा," रोहन कुरकुरला. म्हटलं, भाकरी डब्यातच नीट राहते. तीच बुक केली.

राग अजून उतरलेला नाही, म्हणून घरच्यांसाठी सगळ्यांदेखत इथेच लिहून ठेवते. परळीला जाताना पुढची डावी सीट आक्कांची, मागे सरकवून, उंच करून. वॉकर डिकीत सगळ्यात शेवटी ठेवायचा, म्हणजे उतरताना आधी हाताशी येईल. आक्कांच्या मागची खिडकी माझी. मधे आहेराची पिशवी. रोहनच्या मागे, जिथे जेमतेमच जागा उरते, तिथे रोहनचे वडील. आणि वाटेत कुणी पाहुणा, व्याही, जावई पुढची सीट मागायला आलाच, तर त्याला परळीची एसटी कुठून सुटते ते प्रेमाने दाखवावं.