लाल कोट

जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी मी नागोयाला आलो, तेव्हा श्रीधरपंत सुभेदार मला स्टेशनवर घ्यायला आले होते. मी मागच्या सीटवर ऐसपैस बसलो. गाडी काही हलेना. "जोशी, पट्टा लावा. मागे बसणाऱ्याचं डोकं काही लोखंडाचं नसतं," ते म्हणाले. साहेब भलतेच काटेकोर दिसतात, असे मी त्याच दिवशी बायकोला फोनवर सांगितले.

सुरक्षित गाड्यांच्या बाबतीत आमच्या कंपनीने इतरांना वाट दाखवली, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या चाचणी विभागाच्या भिंतीवर मानचिन्हांना जागा उरलेली नाही. विभागप्रमुख असूनही श्रीधरपंत त्या भिंतीकडे क्वचितच पाहतात. माझी मुलगी इस्पितळात होती, तेव्हा जपानी डॉक्टरांशी बोलायला मात्र ते रजा टाकून दोन दिवस आमच्याजवळ बसले.

लहान मुलांच्या सीटची चाचणी माझ्याकडे होती. मुलाच्या मापाच्या चाचणी-पुतळ्याला पातळ सदरा घालून, पट्टे आवळून मी गाडी आदळवली. निकाल उत्तम आला. मुंबईत वाढलेल्या माझ्या डोक्यात थंडीचा जाड कोट आलाच नाही, आणि नियमावलीतही तो नव्हता. श्रीधरपंतांनी सही केली.

पुढच्या हिवाळ्यात एका अपघातात तीन वर्षांची मुलगी त्याच सीटमधून निसटली आणि गेली. पट्टा लावलेला होता. अंगातल्या फुगीर लाल कोटामुळे तो सैल राहिला होता.

नियमाप्रमाणे आमचा दोष नव्हता. त्या घरी जाऊ नका, असे कंपनीच्या वकिलांनी बजावले होते. श्रीधरपंत मला घेऊन गेले. मुलीचे वडील खाली बघत म्हणाले, "कोट मीच घातला होता. थंडी फार होती." श्रीधरपंतांनी जमिनीला डोके टेकले. "थंडीत मुलांना कोट घालायचाच असतो. त्याचा विचार आम्ही करायला हवा होता, मी, या सुभेदारने, करायला हवा होता." माझे नाव त्यांनी घेतले नाही. मला तिथेच रडू कोसळले.

त्या भेटीपायी त्यांची बढती हुकली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. आता आमच्याकडे नवा इंजिनिअर आला, की आधी पुतळ्याला लाल कोट घालतो, मगच पट्ट्याला हात लावतो. दरवर्षी त्या दिवशी श्रीधरपंत त्या घरी जातात आणि मी त्यांच्या मागे असतो. गेल्या खेपेला वडिलांनी प्रथमच चहा पुढे केला. माझ्याने तो पिववला नाही.

श्रीधरपंत, तुमची साठी झाली, आता निवृत्तीही आली. तुम्हांला उदंड आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत, त्या घराचा जिना तुम्हांला चढता येवो. या शुभेच्छेत माझा स्वार्थ आहे. ती चाचणी मी केली होती, हे त्या वडिलांना मी अजून सांगितलेले नाही. यंदा सांगणार आहे. तेव्हा तुम्ही शेजारी असा.