बटणाची खिडकी

आमच्याकडे नवी वस्तू कधी थेट येत नाही. आधी तिची बातमी येते, मग ती हैदराबादच्या कुणा पाहुण्याच्या घरी असल्याचं कळतं, मग एखाद्या डॉक्टरच्या दवाखान्यात दिसते, आणि शेवटी ज्याला तिची काडीची गरज नाही अशा माणसाच्या घरात जाऊन बसते. बटण दाबलं की पांढरी होणारी काच अशीच आली. तो शेवटचा माणूस म्हणजे माझे वडील.

बाबा नांदेडला एकटे राहतात. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यापासून घरात रागवायला कोणी नाही, म्हणून टीव्हीवर रागावतात. मी लातूरला कॉलेजात शिकवते. त्यांच्या घरासमोर, गल्लीच्या पलीकडे, त्यांचे जुने मित्र राहतात. पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून, मी त्यांना काका म्हणते. तेही एकटेच. रोज सकाळी बाबा खिडकीत आणि काका आपल्या ओट्यावर, असे दोघे गल्लीच्या आरपार बोलत. दोघांनाही ऐकायला कमी येतं, त्यामुळे कुणाचं पोट बिघडलंय हे अख्ख्या गल्लीला कळायचं. बाबांना मनापासून बोलायला जगात हा एकच माणूस उरला होता, आणि त्याच्याशीच त्यांनी अबोला धरला.

कारण असं, की जुन्या शाळेच्या स्नेहसंमेलनात बाबा प्रमुख पाहुणे होते आणि त्यांचं भाषण चालू असताना काका उठून जेवायला गेले. बाबा म्हणतात, भाषण संपतच आलं होतं. काका म्हणतात, संपायचं काही लक्षण दिसत नव्हतं. मी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत आणि बाबांची भाषणंही ऐकली आहेत, त्यामुळे निकाल देत नाही.

त्याच सुमारास डोळे तपासायला बाबा माझ्याकडे आले. लातूरच्या त्या डॉक्टरांच्या केबिनला काचेची भिंत होती. आरपार दिसत होतं, आणि डॉक्टरांनी टेबलावरचं बटण दाबताच ती ताकासारखी पांढरी झाली. बाबा डोळे तपासायचे सोडून म्हणाले, "परत एकदा दाबा बरं." डॉक्टर सज्जन होते, त्यांनी दाबलं. परतताना रिक्षात बाबा म्हणाले, "आपल्या खिडकीला असं पायजे."

"कशाला?"

"ऊन लई येतं."

खिडकी उत्तरेला आहे. तिथे ऊन येत नाही, समोरून काका दिसतात.

नांदेडच्या ॲल्युमिनियमवाल्याने अशी काच नुसती ऐकली होती. त्याने ती हैदराबादहून मागवली. पहिली आली ती आखूड. दुसरी बरोबर आली, पण तिचा रिमोट आला नाही. रिमोट आला तेव्हा पितृपक्ष लागला होता, म्हणून बाबाच थांबले. अखेर दसऱ्याला काच बसली. सरकती खिडकी काढून तिच्या जागी एकच अखंड काच, न उघडणारी. ॲल्युमिनियमवाल्याने बजावून सांगितलं, "गुरुजी, वीज चालू हाय तोवर काच साफ. वीज गेली की पांढरी फटक. म्हणून इन्व्हर्टरला जोडून दिली." बाबांनी मान डोलावली. गल्लीतल्या बायका काच बघायला आल्या, त्यांना चहा मिळाला. काका आले नाहीत.

मग युद्ध सुरू झालं. काका चहाचा कप घेऊन ओट्यावर आले की बाबा रिमोट दाबत, काच पांढरी होई. पण पांढऱ्या काचेतून आतल्यालाही बाहेरचं दिसत नाही, हे बाबांच्या हिशेबात नव्हतं. आपण केलेला अपमान समोरच्याला लागला की नाही हे बघायला त्यांना परत बटण दाबावं लागे. काकांनी तोवर खुर्ची फिरवून पाठ केलेली असे. ती पाठ बघून बाबा चिडत आणि पुन्हा काच पांढरी करत. मी रविवारी गेले की हा प्रकार शांतपणे बघत बसायची. एवढ्या अपमानात दोघांची सकाळ छान जात असे. तरी संध्याकाळी बाबा माझ्याशी बोलताना मध्येच थांबायचे, खिडकीकडे बघायचे, आणि मला फार वाईट वाटायचं.

हिवाळ्यात मी हट्टच धरला की चार दिवस लातूरला या. आमच्या गल्लीत गावाला जाताना समोरच्याला सांगून जायची रीत आहे. "चाललो, घराकडं लक्ष ठेवा," एवढंच म्हणायचं असतं. बाबांना ते म्हणायचं नव्हतं, आणि न म्हणता काकांच्या समोरून पिशवी घेऊन जायचीही लाज वाटत होती. म्हणून त्यांनी पुढच्या दाराला आतून कडी लावली, मागच्या दाराला कुलूप घातलं आणि बोळात रिक्षा बोलावून पहाटेच निघाले. निघण्याआधी विजेचा मेन बंद केला, इन्व्हर्टरही बंद केला. ही आमच्या घराची जुनी शिस्त. आई तर एकदा मेन बंद केलाय की नाही हे बघायला बसस्टँडवरून परत आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत होतो. बाबांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि फोन पालथा घातला.

"कोण?"

"कंपनीचा हाय. कर्ज पायजे का विचारतेत."

कंपनी मोठी चिकट होती, तिने सारखे फोन केले. बाबा भाकरी मोडत राहिले. मग माझा फोन वाजला. काकांचा होता. हात आमटीत होते म्हणून मी स्पीकर लावला.

"माय, तुझा बाप फोन उचलून न्हाई राहिला." आवाज चिरकला होता. "काच कालधरून पांढरी हाय. सकाळी साफ झाली न्हाई, चहाच्या वक्ताला बी न्हाई. दार आतून लावलेलं हाय. लई हाका मारल्या गं. दार तोडू का?"

मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. अर्धी गल्ली जमली होती, पण मागच्या बोळात जाऊन कुलूप बघावं हे एकालाही सुचलं नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका रडायला लागले. म्हातारा माणूस रडतो तसं, आवाज दाबून. "त्याचं भाषण ऐकायला पायजे होतं मी," ते म्हणाले. "शेवटपोतर बसायला पायजे होतं."

बाबांनी घास ताटात ठेवला. फोन आपल्याकडे ओढला.

"मेलो न्हाई मी," ते म्हणाले. "लातूरला हाय, लेकीकडं. मेन बंद करून आलो."

मग काकांनी माझ्या वडिलांना अशा शिव्या दिल्या की मला स्पीकर बंद करावासा वाटला. बाबा त्या डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"सांगून जायला काय झालं होतं तुला?" काका शेवटी म्हणाले. "वरवंटा घालून काच फोडली मी. आत बघायला. तडे गेले, पण आतलं काही दिसलं न्हाई."

"बरं केलंस," बाबा म्हणाले.

उरलेले दिवस ते काही राहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेले. ॲल्युमिनियमवाला नवी काच मागवायला उत्सुक होता, पण बाबांनी त्याला जुनीच सरकती खिडकी परत बसवायला लावली. रिमोट टीव्हीशेजारी पडून आहे, आणि बाबा अधूनमधून तो टीव्हीलाच दाबून बघतात.

आता ती खिडकी दिवसभर उघडी असते. चौकात दूध आणायला निघाले तरी बाबा तिच्यातून ओरडतात, "जरा चौकात जाऊन येतो रे."

"जा की. मला कामून सांगतो?" काका पेपरातून मान वर न करता म्हणतात.

बाबा वळणापलीकडे दिसेनासे झाले की काका पेपर मांडीवर ठेवतात, आणि ते परत येईपर्यंत उचलत नाहीत.