पौर्णिमेचा नवस

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी नगरला नर्सिंग शिकत होते. एका दुपारी शिकवणाऱ्या सिस्टरनी फळ्यावर गर्भपिशवी काढली आणि सांगितलं, की बाईला दिवस राहतात ते दोन पाळ्यांच्या मधल्या काळात. साऱ्या मुली माना खाली घालून बसल्या होत्या. मी नव्हते. मला लाज मुळातच कमी, आणि त्या दिवशी तर फळ्याऐवजी मला आमची वहिनीच दिसत होती.

दादा भिंगारला लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून होता. वहिनी गावी, आईच्या हाताखाली शेतात. लग्नानंतर मूल होईना तेव्हा आईनं नवस बोलला, की मुलगा दर पौर्णिमेला येऊन देवीला नारळ फोडील. झालं, दादाची सगळी रजा पौर्णिमेला जाऊ लागली. वहिनीची पाळीही नेमकी तेव्हाच यायची. ती गोठ्याशेजारच्या पडवीत बाहेर बसलेली, आणि दादा नारळ फोडून, जेवून, एसटीनं परत. दिवाळीला तो चार दिवस राहायचा, तेव्हा ही भाऊबीजेला माहेरी. तीन वर्षं असंच चाललं होतं. पौर्णिमेलाच बाहेर बसते म्हणून देवी कोपली, असं आईचं मत. शेवटी तिनं दादासाठी दुसरी मुलगी बघितली. वैशाखात बार उडवायचा ठरला होता आणि वहिनी कुणाशी बोलेनाशी झाली होती.

तास संपल्यावर मी सिस्टरना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग मूल काय आभाळातून पडणार? मी शनिवारची एसटी पकडली.

आई गाईला वैरण टाकत होती. अंड्याचं आणि पिशवीचं तिच्यापुढे काढलं असतं तर तिनं मला शेणाच्या पाटीनं मारलं असतं. म्हणून मी तिच्याच गोठ्यातलं विचारलं.

"आई, गाय वळूकडं कवा नेतीस?"

"माजावर आली की. का गं?"

"आन् आधीच नेली तर?"

"खुळी का काय तू? नुसता हेलपाटा व्हईल."

"मग दादाला तीन वर्सं हेलपाटंच घालाय लावलंस."

आई भडकली. माणसाची नि जनावराची गाठ घालते म्हणून मला शिव्या दिल्या. मीही काही कमी नव्हते. म्हटलं, गाय हंबरून सांगते, बाईला तशी सोय नाही, एवढाच फरक. मूल होईलच असंही मी म्हटलं नाही. कमी दादातही असू शकते, तेव्हा दुसरी आणलीस तरी हेच व्हायचं, असंही सांगून टाकलं. वहिनी दाराआड उभी होती. तिला सगळं ऐकू जावं म्हणूनच मी आवाज चढवला होता.

रात्री आई जेवली नाही. सकाळी तिनं मुलीकडच्यांना निरोप धाडला, की इतक्यात येऊ नका. मग स्टोव्ह आणि दोन पातेली पोत्यात भरली आणि वहिनीला म्हणाली, आवर, भिंगारला जायचंय. वहिनीनं पोतं उचललंच नाही. नवस मोडला तर देवी काय करील, याची तिला धास्ती वाटत होती.

"नारळ मी फोडीन," आई म्हणाली. "देवीला बी मीच सांगीन. ती बी बाईच हाय."

भिंगारच्या खोलीला पडवी नव्हती. बाहेर बसायचं कुठं? वहिनी त्या दिवसांतही स्वयंपाक करायची. आईला ते पक्कं ठाऊक होतं. तिनं कधी विचारलं नाही. इकडे ती दर पौर्णिमेला एकटीच देवळात जायची. मी गावी असले की मलाही न्यायची.

पावसाळा सरत आला तेव्हा एका पौर्णिमेला दादा आला, आणि त्याच्यामागून वहिनी. देवळात बायकांची गर्दी होती. आईनं तिच्या हातात नारळ दिला. नवस बोलल्यापासून पहिल्यांदाच वहिनी पौर्णिमेला देवीसमोर उभी होती. कुणाला काही सांगावं लागलं नाही. बायकांनी आपण होऊन तिला वाट करून दिली.