सुभेदारकाकांची नवार

नोएडात मला उभं केलं ते वरच्या मजल्यावरच्या सुभेदारकाकांनी. आणि ढिलाईचा त्यांच्याइतका कट्टर वैरी यमुनेच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही. फौजेतून निवृत्त झाले तरी त्यांच्या घरात मच्छरदाणीपासून रेडिओच्या एरिअलपर्यंत सगळं अटेन्शनमध्ये उभं असे. त्यांनी बांधलेल्या दोरीवर बनियन टाकलं की ते उडी मारून खाली येई. नव्यानं आलेल्या केबलची सैल तार त्यांनी एकदा अशी ओढली की अख्ख्या जिन्याच्या मालिका बंद पडल्या. काकू म्हणायच्या, "बरंय, माझी वेणी मीच घालते!"

मी नववीत शाळा सोडलेली, लग्न होऊन साताऱ्याकडून आलेली. नवरा टीव्हीच्या कारखान्यात. भाजीवाल्याशी हिंदी बोलावं लागू नये म्हणून बोटानं दाखवूनच भाजी घेई. त्यात शेजारच्या सेक्टरात शिवणकाम मिळालं, सोमवारी एकटीनं जायचं होतं. मी बॅग भरून नवऱ्याला म्हटलं, "मला गावी सोडा."

रविवारी खालून काकांची हाक आली, "पोरी, टोक धरायला ये! नवऱ्यालाही आण!"

पार्कात दोन कडुनिंब होते. काकांनी आधी बुंध्यांना गोणपाट गुंडाळलं. झाडाला काचू नये म्हणून. मग दोन झाडांमध्ये ताणून वरून चालायची त्यांची नवार काढली. म्हणजे नायलॉनचा पट्टाच, पण काका नवार म्हणत. एक टोक एका झाडाला पक्कं बांधलं. दुसऱ्या टोकाला एक लोखंडी कडी झाडाला, एक पट्ट्याला अडकवून दोन्हींतून पट्टा पुढे-मागे ओवला आणि शेवटचा वेढा आधीच्या वेढ्याखाली दाबला, म्हणजे ओढलेलं परत सरकत नाही. मग आम्ही तिघं ओढायला लागलो. दर हिसक्याला काका गर्जत, "हर हर महादेव!"

समोरच्या पंजाबी आंटी दुधाचा लोटा घेऊन धावत आल्या. गोणपाट नेसलेल्या कडुनिंबाला त्यांनी हात जोडले. "भाईसाहब, मंदिर बन रहा है?"

"नहीं जी, टाइट हो रहा है!"

काकांनी गुडघ्याएवढ्या उंचीवरची नवार बोटानं छेडली, "वाजली!" म्हणाले, वर चढले आणि नेहमीप्रमाणे दुसऱ्या पावलाला गवतात. पलीकडचं झाड त्यांना कधी गाठताच आलं नव्हतं.

"आता तू."

"काका, पडेन मी!"

"मग? मी काय केलं आत्ता? पायाकडे नको, झाडाकडे बघ."

एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला आंटी, दोघांनी माझे हात धरलेले. मी थरथरत होते, नवार माझ्याहून जास्त. अर्ध्यावर टाळ्या ऐकू आल्या, तेव्हा कळलं की दोघांनीही हात कधीच सोडलेत. कळलं आणि पडले. तोंडात गवत, आणि मी हसत ओरडले, "आंटी, एक बार और!"

नवरा बघतच राहिला. मीसुद्धा.

सोमवारी कामाला एकटी गेले. रस्ता ओलांडताना पलीकडच्या झाडाकडे बघत होते.

काका आता गावी असतात. गुडघे कुरकुरतात म्हणे. तेवढीच काय ती त्यांच्यातली ढिलाई. एकदा मी जाणार आहे. दोन झाडं त्यांनी निवडायची, नवार मी ताणीन. आणि हात न सोडता काकांना पलीकडच्या झाडापर्यंत नेईन.